गाव निजायला यायचं ते बेट

राजगुरुनगरहून परतताना मंजिरीनं पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघतच विचारलं, "बाबा, सुदामकाका मघाशी काय म्हणत होते?"

सुदामच्या नातीचा साखरपुडा होता. सुदाम म्हणजे माझा कंपनीतला जोडीदार. आम्ही एकाच दिवशी अप्रेंटिस म्हणून लागलो आणि शेजारशेजारच्या मशीनवर म्हातारे झालो. जेवणं आटोपल्यावर त्यानं मंजिरीचा हात धरला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाला मी बेटावर सोडून पळालो व्हतो." पुढं त्याला बोलवेना. सुनेनं पाणी पाजून त्याला आतल्या खोलीत नेलं. लोकांना वाटलं, वय झालंय.

मंजिरी माझी एकुलती एक मुलगी. चाकणच्या एका कारखान्यात बऱ्याच लोकांची साहेब आहे. अर्धवट सांगितलेली गोष्ट तिला चालत नाही.

मी काच खाली केली. रस्त्यावरून कंटेनर धडधडत चालले होते, पण डिझेलच्या धुराखालून नदीचा वास येतच होता. ओल्या रेतीचा, कुजलेल्या पाल्याचा, किंचित मासळीचा. खाली भीमेच्या पात्रात, वळणाच्या पुढं, बेट होतं. वाळू उपसणाऱ्यांनी त्याची एक कूस खरवडून नेली होती, पण वाळुंजीची झाडं अजून तशीच पाण्यावर वाकलेली होती. आधी एस.टी.तून, मग स्कूटरवरून, मग हिच्या गाडीतून मी कितीदा या पुलावरून गेलो असेन. दर खेपेला पूल आला की मी दुसऱ्या बाजूला बघायचो.

"ते बेट," मी म्हणालो. "सुदाम म्हणतो ते हेच."

शालन, माझी बायको, फार पूर्वी एकदा म्हणाली होती, "ती विचारेल तेव्हा सांगा. विचारल्याशिवाय नको." आज विचारलं होतं.

*

तेव्हा आम्ही तिघं होतो. सुदाम थेरगावचा, पवनेकाठच्या जुन्या शेतकरी घरातला; चालायला शिकण्याआधी पोहायला शिकलेला. दुसरा गौतम, देहूरोडचा. त्याचे वडील लष्कराच्या डेपोत कामाला होते आणि घरात बुद्धाच्या तसबिरीखाली पुस्तकांची फळी होती. तो दिवसा आमच्याबरोबर मशीन चालवायचा, संध्याकाळी कॉलेजात जायचा आणि वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचा. तिसरा मी. वडील लवकर गेले, म्हणून आईला घेऊन माणदेशातून चिंचवडला आलेला. एका चाळीत भाड्याची एक खोली. नदी म्हणजे काय ते मी पुलावरून बघितलेलं. आमच्याकडच्या ओढ्याला पाणी असायचं तेही पाहुण्यासारखं.

आणीबाणीचा काळ होता. आम्हाला ती कळायची एवढीच, की गेटवरच्या सभा बंद झाल्या होत्या आणि कॅन्टीनमध्ये मोठ्यानं बोलणारे लोक हळू बोलायला लागले होते. दिवाळी झाली, कंपनीत माल साचला, आणि आमच्या शॉपला आठवडाभर ले-ऑफ मिळाला. आई मामाकडे गेली होती. गौतम म्हणाला, "घरी बसून काय छत मोजायचं? चला, चालत जाऊ. नद्यांच्या काठानं."

"कुठं?" सुदामनं विचारलं.

"कुठं ते ठरवायचं नाही. तीच तर गंमत."

देहूरोडच्या जुन्या बाजारात लष्करातून बाद झालेल्या पाठपिशव्या मिळायच्या. हिरव्या जाड कॅनव्हासच्या, पितळी बकलं लावलेल्या. त्या पाठीवर घेतल्या की खांद्याला तेलकट, बुरसट वास यायचा आणि आपण कुणीतरी निराळेच आहोत असं वाटायचं. त्यात आम्ही पीठ, तांदूळ, डाळ, मिरचीचा खर्डा, एक पातेलं, एक तवा आणि सुदामच्या आईनं कोंबून भरलेली चकली घेतली. इंद्रायणीच्या काठानं आळंदीला, तिथून शेतांमधून चाकणला. चाकण म्हणजे तेव्हा कांद्याचा बाजार. गाव दिसायच्या आधी वास यायचा, डोळे चुरचुरायचे. बैलगाड्या, पोती, हमालांच्या आरोळ्या, आणि बाजाराच्या मागं लगेच ज्वारीची रानं. आता त्या रानांमध्ये मंजिरीची कंपनी आहे.

रस्त्यानं लोक विचारायचे, "कुठलं म्हनायचं पावनं?" सुदाम सांगायचा, "थेरगावचं." "मंग हिकडं कुनाकडं?" कुणाकडंच नाही, नुसतं चाललोय, हे सांगितलं की माणसं आमच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायची. काम नसताना पाठीवर ओझं घेऊन फिरणारी तरणी पोरं त्यांनी पाहिली नव्हती.

भीमेच्या काठावर आलो तेव्हा दुपार कलली होती आणि नदीच्या मधोमध ते बेट उन्हात पडलं होतं.

*

धोंडीनाना भोई होडीतून जाळं आवरत होता. काळा, शेलाटा, वय सांगता न येणारा. आम्ही काठावरून हाक मारली. त्यानं आमच्या पिशव्या बघितल्या, आमच्याकडं बघितलं आणि काही न विचारता होडी लावली.

"बेटावर ऱ्हायचं म्हनता? ऱ्हावा की. बेट काय माज्या बापाचं हाय?"

त्या बेटावर काही नव्हतं. वाळूचा एक उंचवटा, वाळुंजीची आणि करंजाची झाडी, एक उंबर, वरच्या अंगाला लव्हाळ्याचं रान. दक्षिणेला पाणी उथळ आणि खळखळतं, उत्तरेला खोल, हिरवट, गप्प. पहिल्या दिवशी आम्ही फार उद्योग केले. चूल मांडली, लाकडं रचली, कपडे धुतले. दुसऱ्या दिवशी उद्योग संपले. मग आम्ही नुसते पडून राहिलो.

हे नुसतं पडून राहणं मला तोवर माहीतच नव्हतं. कामाशिवायचा माझा दिवस म्हणजे रांगेतला दिवस असायचा, पाण्याच्या नाहीतर रॉकेलच्या. इथं सकाळी भोंगा नव्हता. टिटवी ओरडायची, मग खंड्या, मग धोंडीनानाच्या वल्ह्याचा डुबुक डुबुक आवाज. ऊन वाळूवर हळूहळू चढत यायचं आणि पोटरीपासून मानेपर्यंत शेकत न्यायचं. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की माझ्या हातांना मशीनवरच्या कूलंटचा, त्या तेलकट पाण्याचा, वास येत नाही. मी हात नाकाशी धरून पुन्हा पुन्हा हुंगले. रेतीचा आणि धुराचा वास होता. लहानपणी माझ्या अंगाला कदाचित असाच वास येत असेल.

सुदामच्या आईनं वर्तमानपत्राच्या ज्या जुन्या कागदात चकली बांधली होती, त्यावरच्या बातम्या गौतम आम्हाला वाचून दाखवायचा. अर्धी बातमी तेलात विरघळलेली असायची. उरलेली तो मनानं पुरी करायचा, आणि ती खऱ्यापेक्षा चांगली असायची. सुदाम मला खांद्याखाली हात घालून पाण्यावर आडवा करायचा. "आंग सोड रं. तू नदीला धरून बसतोस. तिला धरायचं न्हाई, तिच्यावर पडायचं." मला उथळ पाण्यात तरंगता येऊ लागलं. कान पाण्याखाली गेले की जगाचा आवाज बदलायचा. लांब कुठंतरी वाळू सरकल्याचा बारीक, अखंड किणकिणाट ऐकू यायचा. वर आभाळ. मी हसायचो आणि नाकात पाणी जायचं.

दुपारी धोंडीनाना मरळ घेऊन यायचा. त्याच्या हातचं कालवण म्हणजे मासा, लाल तिखट, मीठ आणि नदीचं पाणी, बस. जेवायला बसण्याआधी तो भाकरीचा एक तुकडा पाण्यात सोडायचा. "बाई आधी, मंग आपुन," म्हणायचा. आम्हीही सोडायला लागलो. गौतम देवाधर्माचं काही करत नसे, पण तोही सोडायचा. म्हणाला, "हे देवाचं नाही, हे मालकिणीचं आहे."

संध्याकाळी मात्र एक गोष्ट घडायची, जी आधी आम्हाला कळली नाही.

दिवस मावळतीला लागला की काठावर गावची माणसं यायची. खांद्यावर घोंगडी, हातात डबा नाहीतर फडक्यात बांधलेली भाकरी. धोंडीनाना त्यांना होडीतून खेपेखेपेनं आणायचा. सगळे बाप्ये. तरुण, पोक्त, एक-दोन तर पार पांढऱ्या मिशांचे. ते आमच्यापासून थोडं लांब, झाडीच्या आत, घोंगडी पसरायचे. बिडीचा वास यायचा, हळू बोलणं ऐकू यायचं. बैल, ऊस, पोरीचं सासर. उजाडायच्या वेळी सगळे गेलेले असायचे. वाळूवर नुसत्या अंगांच्या खुणा उरायच्या, जशा गुरं बसून उठल्यावर उरतात.

आम्हाला वाटलं, ही इकडची काहीतरी रीत असेल. शेवटी गौतमनं धोंडीनानाला विचारलं.

तो जाळ्याची गाठ मारत होता. वर न बघता म्हणाला, "जीप येतीया. नसबंदीची. घरात गावला त्यो गेला. म्हनून गाव हितं निजाय येतं."

सुदाम फसकन हसला. मीही हसलो. गावभर बाया-पोरं घरात आणि बाप्ये बेटावर, हे चित्र आम्हाला भारी वाटलं.

"हसू नगा," धोंडीनाना म्हणाला. "आमच्या दगडू न्हाव्याला नेलं. साठीचा म्हातारा. बायको मरून धा वर्सं झाली. त्येची बी केली."

"आम्हाला काय भ्या नाय नाना," सुदाम म्हणाला. "आमची तर लग्नंच न्हाईत झाली."

धोंडीनानानं गाठ दातानं आवळली. "त्यास्नी माणसं मोजायची हायती, पोरा. लगीन कोन मोजतंय?"

त्या संध्याकाळी मी त्या माणसांकडं पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांच्यातला एकजण झोपण्याआधी वहाणा उशाशी घेत होता, पटकन पायात घालता याव्यात म्हणून. पण आपण तिऱ्हाईत आहोत, हे यांच्या गावाचं आहे, असं मनाला सांगून मी कुशीवर वळलो.

*

दुसऱ्या दिवशी आमचा गूळ संपला होता. गौतम धोंडीनानाबरोबर होडीतून गावात गेला. सुदाम खोल पाण्याच्या बाजूला डुंबत होता. मी कपडे धुऊन वाळुंजीच्या फांदीवर टाकले होते आणि नुसत्या पंचावर वाळूत उताणा पडलो होतो. कोवळं ऊन पापण्यांवर होतं. पापण्यांच्या आतून सगळं केशरी दिसत होतं.

वल्ह्याचा आवाज आला. मला वाटलं, गूळ आला. मी डोळे न उघडताच म्हणालो, "चहा तूच कर रे."

डोळे उघडले तर समोर बूट होते. तपकिरी, पॉलिश केलेले, टोकांना ओली वाळू लागलेली. बुटांच्या वर सफारी सूट. त्याच्या मागं एक पोलीस, एक शिपाई आणि खादीची टोपी घातलेला एक मास्तर. कुठून तरी दुसरी होडी आणली होती.

"बाकीचे कुठायत?" सफारीवाल्यानं विचारलं.

"कोण बाकीचे?"

"गाव झोपतं ना इथं."

गाव केव्हाच शेतावर गेलं होतं. वाळूवर खुणा होत्या, त्यांच्याकडं तो बघत राहिला. मग माझ्याकडं वळला. "तू कुठला?"

"चिंचवडचा. कंपनीत आहे. फिरायला आलोय."

"फिरायला," तो म्हणाला. पोलीस हसला.

तेवढ्यात लव्हाळ्यापलीकडून सुदाम ओरडला, "पळ रं! पळ!" आणि पाण्यात धप्पकन आवाज झाला. मी उठून धावलो. उत्तरेच्या काठाशी पोचलो, गुडघाभर पाण्यात गेलो, आणि पुढं ते हिरवं, गप्प पाणी होतं. सुदामचं डोकं मधोमध दिसत होतं, लांब लांब हात मारत चाललेलं. मला फक्त उताणं तरंगता यायचं. मी तिथंच उभा राहिलो. पोलिसानं मागून माझ्या दंडाला धरलं, फार जोरात नाही, रस्ता ओलांडताना धरावं तसं.

माझे कपडे ओले होते. तेच मला घालायला लावले.

जीपमध्ये मास्तर माझ्या शेजारी बसला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, खिशाला शाईचा डाग. तो मला अहो-जाहो करत होता. "घाबरू नका. लगेच होतं. दुखत नाही म्हणतात."

"मास्तर, माझं लग्न झालेलं नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्यानं नाही म्हटलं असतं, खोटारडा म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो. पण तो 'माहीत आहे' म्हणाला. थोड्या वेळानं तो बाहेर बघत पुटपुटला, "आम्हा मास्तरांनाही आकडा दिलाय. मला नसबंदीच्या दोन केसी द्यायच्यात. नाहीतर बदली, लांब. घरी आई आंधळी आहे. गावातलं कुणी हाती लागत नाही हो." त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा तळवा घामानं भिजला होता. मी हात सोडवून घेतला नाही. का, ते अजून सांगता येत नाही. माझं शरीर माझ्याशेजारी बसलंय आणि त्याचं काय चाललंय ते मी बघतोय, असं काहीसं झालं होतं.

शिबिर एका शाळेत होतं. भिंतीवर पाढे, खिडकीत शाईच्या दौती, आणि खडूच्या वासावर स्पिरिटचा वास चढलेला. दोन टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर घातली होती. डॉक्टर तरुण होता, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. कपाळावरचा घाम तो दंडाला पुसत होता. त्यानं खाली बघत विचारलं, "मुलं किती?"

"दोन," मास्तर म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "मला मुलं नाहीत."

डॉक्टरचा हात क्षणभर थांबला. त्यानं वर बघितलं असतं तर कदाचित काही झालं असतं. दारात सफारीवाला उभा होता. डॉक्टर म्हणाला, "झोपा."

पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही, मंजिरीलाही नाही. माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा सातचा पाढा होता आणि मी तो वाचत होतो.

बाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसवलं. चहा दिला. आणि एक स्टीलची नवी कोरी बादली दिली. प्रत्येकाला देत होते. बाकावर आणखी चार-सहा माणसं बसली होती, प्रत्येकाच्या पायाशी एक चकचकीत बादली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

गौतम धावत आला तेव्हा त्याच्या हातात गुळाची पुडी होती. त्यानं बादली बघितली. मग आत गेला. आत काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला, आरडाओरडा झाला, आणि दोघांनी त्याला ओढत बाहेर आणून टाकलं. त्याच्या चष्म्याची एक काच फुटली होती. तो ओरडत होता, "कुठल्या कायद्यानं? कलम सांगा! कलम सांगा मला!" गुळाची पुडी फुटून धुळीत पडली होती आणि तिला मुंग्या लागायला सुरुवात झाली होती.

सुदाम शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता. अंगावर नुसती ओली चड्डी, कुणाचं तरी उपरणं पांघरलेलं. तो आत आला नाही. मी बाहेर गेलो तेव्हा म्हणाला, "मला वाटलं तू मागं हायस. मी मागं वळून बघितलंच न्हाई रं." तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पुढं कित्येक वर्षं त्यानं पाण्यात पाय घातला नाही. पवना घराच्या मागून वाहत होती, पण तो अंघोळ नळाखाली करायचा.

*

आई मामाकडून आली तेव्हा बादली कोपऱ्यात होती. "कंपनीनं दिली?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं ती उजेडात धरून आत तोंड बघितलं, खूष झाली, आणि चाळीतल्या बायकांना दाखवून आली. रोज सकाळी नळावर त्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज मी पांघरुणात ऐकायचो.

आणीबाणी उठली. गेटवर पेढे वाटले, लोक नाचले. माझ्या हातात पेढा होता आणि मी तो खाऊ शकत नव्हतो. गौतम त्या काळात सारखा कुठं कुठं फिरत असायचा. एके दिवशी त्यानं सांगितलं, "पुन्हा जोडता येतं म्हणे. पुण्यात करतात." तो मला घेऊन गेला. तिथली डॉक्टरीण वयस्कर होती, केस पांढरे. तिनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "तुमच्यावर अन्याय झाला." एवढंच. तोवर हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मी तिच्या टेबलाशी उभ्या उभ्या लहान मुलासारखा रडलो. ऑपरेशन झाल्यावर ती म्हणाली, "मी जोडलंय. पुढचं मी सांगू शकत नाही."

आई स्थळं बघत होती. मी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन आधीच सांगायचो. स्थळ मोडायचं, आईला वाटायचं पत्रिका आड येते. शालनच्या वडिलांनी मात्र आईला घरी येऊन खरं कारण सांगितलं. मी कामावरून आलो तेव्हा ती बादली चाळीच्या दारात, रस्त्यावर, पालथी पडलेली होती, आणि आई अंधार झाला तरी दिवा न लावता बसली होती. "मी बायकांना दाखवत फिरले रे," ती म्हणाली. त्यापुढं तिनं मला एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना शालन गेटवर उभी होती. चिंचवडच्या बालवाडीत शिकवायची. गुलाबी साडी, हातात छत्री, भोवती शेकडो सायकली. तिनं सरळ विचारलं, "तुम्ही हे आधी का सांगितलंत? लपवता आलं असतं."

"माझं मला न विचारता केलं," मी म्हणालो. "मी तसं कुणाशी करणार नाही."

तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "बाबांना मी बघते," म्हणाली.

लग्न झालं. वर्षं गेली. आम्ही वाट बघणं सोडून दिलं होतं, तेव्हा शालनला दिवस गेले. मी हसलो, रडलो, सुदामला मिठी मारली. आणि मग चाळीचा आवाज कानावर यायला लागला. नळावर बायका बोलता बोलता थांबायच्या. बादली रस्त्यावर पडली त्या दिवसापासून सगळ्यांना माझं पहिलं ऑपरेशन माहीत होतं; दुसरं ऐकून असूनही कुणी ते खरं धरत नव्हतं. मला खरा धक्का बसला तो आईचा. शालन बाळंत झाली आणि आई दवाखान्यात आली नाही. घरी आणल्यावरही ती मुलीकडं बघायची नाही. चुलीकडं तोंड करून बसायची.

गौतम म्हणाला, "डॉक्टरीणबाईंचा दाखला आणू. चाळीत लावू."

"नाही," शालन म्हणाली. "शिबिरातल्या कागदावर यांना दोन मुलं लिहिली होती. आता माझ्या मुलीसाठी कागद नको."

बारशाच्या दिवशी खोली बायकांनी भरली होती. पाळणा सुदामनं टांगला होता. शालननं बाळ उचललं, पाळण्याकडं न जाता सरळ आईसमोर गेली आणि खाली बसली. कुजबुज थांबली.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या मुलाला धरून नेलं तेव्हा त्याच्याकडं कुणी वर मान करून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते झालंच नसतं. तुम्ही हिच्याकडं एकदा बघा. मग काय वाटेल ते म्हणा."

आईनं मान वर केली. किती वेळ ती बघत होती देव जाणे. मग तिनं हात पुढं केले, मुलीला मांडीवर घेतलं, शेजारची तेलाची वाटी ओढली आणि भरल्या खोलीत, बारसं थांबवून, तिची टाळू भरू लागली. एक थेंब तेल, आणि वर एक थेंब डोळ्यातला. नाव ठेवायला उशीर झाला.

*

मंजिरीचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. तिचा तसा चेहरा मी लहानपणीसुद्धा बघितला नव्हता. मला वाटलं, सांगायला नको होतं.

"त्यांनी तुम्हाला," ती म्हणाली आणि थांबली. "बाबा, तुम्ही बावीस वर्षांचे होतात. माझ्या शॉपवरची पोरं आहेत एवढी."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात? इतकी वर्षं?"

"त्या बेटावरचे पहिले दिवस फार चांगले होते गं," मी म्हणालो. ते उत्तर नव्हतं, पण मनातलं तेच होतं. "त्यांचं वाईट वाटतं. हे सांगायचं म्हटलं की तेही सांगावे लागतात, आणि ते पुढच्यात बुडून जातात. असे दिवस पुन्हा आले नाहीत."

एक कंटेनर गेला, गाडी हलली. खाली वाळुंजीच्या फांदीवरून एक खंड्या सुटला आणि पाण्याला चाटून पलीकडं गेला.

"आजीनं मला कधी खाली ठेवलं नाही," मंजिरी एकदम म्हणाली. "आठवतंय? मी चौथीत होते तरी मांडीवर घेऊन वेणी घालायची. पाय खाली लोंबायचे माझे. मैत्रिणी हसायच्या. मला वाटायचं, सगळ्यांच्या आज्या अशाच असतात."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ओढणीनं तिनं डोळे पुसले, गाडीचं दार उघडलं आणि पुलाखाली उतरणाऱ्या पायवाटेकडं बघितलं.

"उतरता येईल तुम्हाला?"

"येईल."

"मग चला. या बाजूला पाणी कमी दिसतंय."